औषध एकच, दुखणी दोन: सासू-सुनेने एकच पंप वापरावा का?

पत्र (थोडक्यात): मी ३६ वर्षांची, लहानपणापासून दमा. डॉक्टरांनी बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा २०० चा पंप सकाळी एक, रात्री एक असा लिहून दिला आहे. बरं वाटलं की मी तो बंद करते, धाप लागली की अस्थालिन मारते. अस्थालिनचा पंप साधारण महिन्याला एक लागतो. सासूबाई ६७ वर्षांच्या, उभं आयुष्य चुलीपुढे गेलं. त्यांना सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचं दुखणं) आहे आणि त्याच औषधाची ४०० ची रोटाकॅप (श्वासातून ओढायच्या पुडीची कॅप्सूल) दिवसातून दोनदा आहे. त्यांची कॅप्सूल संपली की मी माझा पंप त्यांना देते, औषध तेच आहे ना? अलीकडे त्यांच्या जिभेवर पांढरं दिसतं, आवाज बसला आहे. त्यांना मधुमेह आहे, काचबिंदूचे थेंब चालू आहेत, सकाळी मिश्री लावतात. पंपात स्टिरॉइड असतं म्हणे. सवय लागते का? हाडं ठिसूळ होतात का? – एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर:

ताई, नमस्कार.

स्टिरॉइडची भीती तुम्ही दोनदा लिहिली आहे, तिच्याकडे येऊच. पण त्याआधी महिन्याला एक अस्थालिन लागतो, त्याचं बघू. एका पंपात २०० पफ असतात. महिन्याला २०० म्हणजे रोजचे सहा-सात. दम्याच्या उपचारांसाठी जगभर मानली जाणारी 'जिना' मार्गदर्शिका सांगते, की वर्षाला असे तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर मोठ्या झटक्याचा धोका वाढतो, आणि वर्षाला बारा लागत असतील तर दम्याने जीव जाण्याचाही धोका वाढतो. तुम्ही नेमक्या बारावर आहात. अस्थालिन वाईट औषध नाही. मात्र एवढं लागतंय याचा अर्थ आतल्या सुजेला कुणी हातच लावलेला नाही.

दम्यात दोन गोष्टी एकदम चालू असतात. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते, आणि त्या सुजेमुळे बाहेरचे स्नायू जरा कशाने चिडले की आवळले जातात. धूळ, फोडणीचा ठसका, डासांची अगरबत्ती, थंड वारा, काहीही पुरतं. अस्थालिनमधलं साल्ब्युटामॉल स्नायू सैल करतं. पाच मिनिटांत बरं वाटतं आणि चार ते सहा तासांत परिणाम ओसरतो. सुजेवर त्याचा काडीचाही परिणाम नाही. सुजेवर काम करतं ते स्टिरॉइड, म्हणजे तुमच्या पंपातलं बुडेसोनाइड. ते सावकाश काम करतं, पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि बंद केलं की सूज परत येते. पण ती लगेच जाणवत नाही, म्हणून पंप सोडल्यावर आठ-दहा दिवस 'बघा, काही झालं नाही' असं वाटतं आणि मग एखाद्या रात्री छाती भरून येते. बरं वाटतं ते पंपामुळे, आणि बरं वाटलं म्हणून तुम्ही पंपच बंद करता. हे चक्र तुमच्या पत्रात स्पष्ट दिसतं.

जोडपंपातला दुसरा भाग फॉर्मोटेरॉल. तेही स्नायू सैल करतं, पण बारा तास टिकतं. दोन्ही एकाच पंपात घालण्यामागे सोय हे एक कारण आहे. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. दीर्घकाळ टिकणारं स्नायू सैल करणारं औषध दम्यात स्टिरॉइडशिवाय एकटं घेणं घातक ठरू शकतं. अमेरिकेत २६,००० हून अधिक दमेकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या औषधात सॅल्मेटेरॉलची (हे फॉर्मोटेरॉलच्याच जातीचं औषध) भर घातलेल्या गटात दम्याने १३ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात ३. स्टिरॉइडबरोबर एकाच पंपात दिलं तर हा धोका दिसत नाही, असं पुढच्या मोठ्या चाचण्यांत आढळलं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जोडपंपांवरचा ठळक इशारा काढून टाकला. म्हणून दुकानदाराने 'हा नाही, पण यातलं एक औषध आहे' म्हणून नुसत्या फॉर्मोटेरॉलची किंवा सॅल्मेटेरॉलची कॅप्सूल हातात ठेवली तर घेऊ नका. आणि फोराकोर्ट (बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलच्या पंपाचं एक नाव) चालू असताना जुन्या चिठ्ठीवरचा सेरोफ्लोही (सॅल्मेटेरॉलचा जोडपंप) घेऊ नका. नावं वेगळी असली तरी दोन्हीत त्याच जातीचं औषध आहे. मात्रा दुप्पट होते, हात थरथरतात, छाती धडधडते.

तुमच्या पंपाबद्दल एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारा. फॉर्मोटेरॉल एक ते तीन मिनिटांत काम सुरू करतं, जवळपास अस्थालिनइतकंच लवकर. त्यामुळे २०१९ पासून जिनाचा सल्ला असा आहे, की मोठ्या माणसांनी दम्यात नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नये. पर्याय असा: तुमचाच २०० चा पंप रोज सकाळ-रात्र एकेक घ्यायचा, आणि धाप लागली तर अस्थालिनऐवजी त्याचाच एक पफ जास्तीचा. काही मिनिटांत बरं वाटलं नाही तर आणखी एक. म्हणजे धाप लागते त्या वेळी, जेव्हा सूज वाढलेली असते तेव्हाच, स्टिरॉइडही पोटभर मिळतं. एका वेळी सहापेक्षा जास्त पफ नाहीत. रोजचे धरून दिवसाला आठपेक्षा जास्त सहसा लागू नयेत, आणि बारा ही शेवटची मर्यादा, तीही थोड्या दिवसांपुरती. आठच्या पुढे जावं लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हा पर्याय फॉर्मोटेरॉल असलेल्या १०० किंवा २०० च्या पंपालाच लागू आहे. ४०० च्या औषधाला नाही, कारण स्टिरॉइड फार होईल. सॅल्मेटेरॉलच्या पंपाला तर मुळीच नाही, त्याचा परिणाम सुरू व्हायलाच दहा-वीस मिनिटं लागतात. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं तरच सुरू करा. तोपर्यंत रोजचे दोन पफ एकही न चुकवता, आणि अस्थालिन हाताशी.

आता सासूबाई. औषध तेच, पण दुखणं वेगळं. धुराने त्यांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या असतात आणि फुफ्फुसातले हवेचे फुगे सैल पडलेले असतात. दम्यात पफ घेतल्यावर नळी बरीचशी मोकळी होते, सीओपीडीत थोडीच. फुंकून करायच्या तपासणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, हेच पाहतात. औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ०.७० पेक्षा कमी भरली तर सीओपीडी. ही तपासणी त्यांची झाली आहे का ते जुन्या कागदांत बघा. चुलीपुढे बसलेल्या कित्येक बायकांना वर्षानुवर्षं 'दमा' म्हणूनच औषध मिळत राहतं.

या फरकामुळे नियमही बदलतात. तुमच्यासाठी सांगितलेला 'लागेल तेव्हा एक जास्तीचा' हा प्रकार सीओपीडीसाठी नाही. त्यांनी ४०० ची कॅप्सूल सकाळी एक, रात्री एक एवढीच घ्यायची. मधे धाप लागली तर साल्ब्युटामॉल किंवा डॉक्टरांनी लिहिलेलं तात्पुरतं औषध. जास्तीच्या कॅप्सूलने त्यांचा श्वास फार सुटणार नाही, स्टिरॉइड मात्र वाढेल. आणि सीओपीडीत श्वासातून घेतलेल्या स्टिरॉइडने न्यूमोनियाचा धोका वाढतो, हे पक्कं ठाऊक आहे.

मग त्यांना स्टिरॉइड हवंच का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. दम्यात स्टिरॉइड हा उपचाराचा पाया आहे. सीओपीडीत तसं नाही. तिथे पाया म्हणजे नळ्या मोकळ्या ठेवणारी दीर्घकाळची औषधं, बहुधा दोन जातींची मिळून (टायोट्रोपियम किंवा ग्लायकोपायरोनियम ही दुसरी जात). स्टिरॉइड त्यांना, ज्यांचं दुखणं वर्षातून पुन्हा पुन्हा उसळतं किंवा ज्यांना दमाही जोडीला आहे. रक्ताच्या साध्या सीबीसी तपासणीत इओसिनोफिल पेशींचा आकडा येतो. तो ३०० किंवा वर असेल तर स्टिरॉइडचा फायदा चांगला होतो, १०० च्या खाली असेल तर नावापुरताच. आधी टीबी होऊन गेला असेल किंवा न्यूमोनिया वारंवार होत असेल तर डॉक्टर हात आखडता घेतात. टीबीची गोष्ट घरच्यांना माहीत असते, नव्या डॉक्टरांना नसते. झाला असेल तर आपणहून सांगा. आणि हे वाचून कॅप्सूल घरीच बंद करू नका. बंद करायची तर दुसरं औषध लावून, डॉक्टरांच्या नजरेखाली.

आता तुमचा पंप त्यांना देण्याबद्दल. देऊ नका, आणि कारण तोंडाला तोंड लागतं एवढंच नाही. एक, मात्रा निम्मी होते: २०० चा एक पफ म्हणजे ४०० च्या कॅप्सूलच्या निम्मं स्टिरॉइड. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, दोन्ही साधनांतून श्वास घेण्याची पद्धत एकमेकांच्या अगदी उलट आहे. पंपातून औषध वायूच्या जोराने बाहेर उडतं. तुम्ही जोरात ओढलंत तर ते सरळ घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं. म्हणून पंप सावकाश ओढायचा. रोटाकॅपमध्ये वायू वगैरे काही नाही, नुसती पूड. ती उडवायला तुमच्याच श्वासाचा जोर लागतो, म्हणून तिथे झटक्यात, जोराने ओढायचं. सासूबाईंचा हात रोटाकॅपवर बसलेला. त्या तुमचा पंपही तसाच जोरात ओढणार आणि औषध घशात जाणार. त्यांची कॅप्सूल संपते, हा प्रश्न वेगळा सोडवू. ३० कॅप्सूलची बाटली रोज दोन या हिशेबाने १५ दिवस पुरते. दहाव्या दिवशी दुसरी आणायची, एवढंच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पंपाची पद्धत आता नीट बघू, कारण दहा-वीस वर्षं पंप वापरणारेही यात चुकतात. टोपी काढा आणि तोंडाच्या भागात डोकावून बघा. पर्समधल्या पंपात सेफ्टीपिन किंवा टिकलीचा कागद अडकलेला असू शकतो, आणि तो श्वासाबरोबर आत गेला तर भलतंच काही होऊन बसेल. पंप जोरात हलवा. बहुतेक पंपांत औषध द्रवात विरघळलेलं नसतं, तरंगत असतं. न हलवता मारलं तर कधी नुसता वायू, कधी दुप्पट औषध. नवा पंप असेल किंवा काही दिवस बाजूला पडला असेल तर दोन पफ हवेत सोडून द्या. मग ताठ बसा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटून तोंडाचा भाग दातांमध्ये धरा, जीभ खाली. सावकाश श्वास घ्यायला सुरुवात करा आणि सुरुवात झाल्याझाल्या डबी दाबा. आधी दाबून मग ओढलं तर औषध तोंडातच राहतं. ओढणं संपता संपता दाबलं तर ते घशापर्यंतच पोहोचतं. चार-पाच सेकंद ओढत राहा, मग मनात दहा मोजेपर्यंत श्वास रोखा. एकाहून जास्त पफ असतील तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा, मग दुसरा. श्वासाबरोबर नाकातून किंवा तोंडातून पांढरा धूर बाहेर दिसला तर तो पफ वाया गेला समजा.

दाबणं आणि ओढणं हा मेळ जमत नसेल तर स्पेसर घ्या. खरं सांगायचं तर जमत असला तरी घ्या. पंपापुढे लावायची ही प्लॅस्टिकची नळकांडी म्हणजे काही तान्ह्या बाळांची वस्तू नव्हे. पफ आधी तिच्यात उडतो, मोठे थेंब तिच्या भिंतीला चिकटून बसतात आणि बारीक औषध तुम्ही निवांत ओढता. घशात कमी, छातीत जास्त. एका वेळी एकच पफ मारा. दोन-तीन एकदम मारले तर थेंब एकमेकांना चिकटून सगळंच भिंतीवर बसतं. एकाच मोठ्या श्वासात ओढता येत नसेल तर चार-पाच साधे श्वास तिच्यातून घ्या. धुण्याची पद्धत मात्र नेहमीच्या भांड्यांहून वेगळी: आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुडवा आणि तसंच निथळत ठेवा. फडक्याने आतून पुसू नका. पुसल्यावर प्लॅस्टिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि पुढचे कितीतरी डोस भिंतीलाच चिकटतात. नवा स्पेसरही आधी असाच धुऊन वाळवा. तडा गेला किंवा झडप वाकडी झाली तर बदला, एरवी सहा महिने ते वर्षभर टिकतो. घरात नेब्युलायझर आणायचा विचार असेल तर तो पैसा सध्या ठेवा. साध्या झटक्यात पंप आणि स्पेसर त्याच्याइतकंच काम करतात, विजेवाचून.

पंपात किती उरलं हे बघायला डबी पाण्यात तरंगवून पाहतात, ते सोडा. त्यावरून काही कळत नाही, आणि पाणी शिरून तोंड मात्र बुजतं. जोडपंपात साधारण १२० पफ असतात. रोज दोन घेतलेत तर दोन महिने. पफ मोजणारा आकडा असेल तर तोच खरा. नसेल तर सुरू केल्याची तारीख डबीवर चिकटपट्टी लावून लिहा. १२० झाल्यावरही 'फुस्स' आवाज येत राहतो, पण ते उरलेलं वायूचं उडणं असतं, त्यात पुरेसं औषध नसतं. तोंडाचा भाग आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. काही पंपांत डबी काढून नुसतं प्लॅस्टिक धुता येतं, आकडा मोजणाऱ्या काही पंपांत डबी काढायची नसते. ते आतल्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. उन्हात उभ्या गाडीत किंवा चुलीजवळच्या कोनाड्यात पंप ठेवू नका, आणि रिकामा झाला तरी शेकोटीत टाकू नका. डबी फुटते.

सासूबाईंच्या रोटाकॅपला थोडा वेगळा हात लागतो. कॅप्सूल गिळायची नाही, हे ऐकायला वेडगळ वाटेल, पण वयस्कर माणसांकडून होतं. बाटलीतून एकच कॅप्सूल काढायची, तीही कोरड्या बोटांनी, घेण्याच्या वेळीच. पावसाळ्यात हाताच्या ओलाव्याने पूड गोळा होते. रोटाहेलरच्या (कॅप्सूल ओढायच्या मशीनच्या) चौकोनी भोकात पारदर्शक टोक खाली करून कॅप्सूल वरच्या कडेला समपातळीत येईपर्यंत दाबायची, मग खालचा भाग फिरवायचा म्हणजे ती आत उघडते. मशीन दुसऱ्या प्रकारचं असेल, टोचून भोक पाडणारं, तर त्याचं बटण किंवा झाकण चिठ्ठीत असेल तसं. श्वास बाहेर सोडायचा तो मशीन तोंडाला लावण्याआधी, मशीनमध्ये नाही. आत फुंकलं की पूड दमट होते आणि थोडी उडूनही जाते. मग ओठ घट्ट लावून एकदम जोरात, खोल ओढायचं आणि दहा मोजेपर्यंत रोखायचं. मशीन उघडून बघा: कॅप्सूलमध्ये पूड उरली असेल तर पुन्हा एकदा ओढायचं. दोनदा ओढूनही रोज बरीच पूड उरते असं दिसलं, तर त्यांच्या छातीत आता तेवढा जोर राहिलेला नाही. अशा वेळी डॉक्टरांकडून स्पेसरसह पंप लिहून घ्यावा. बोटांत संधिवात असेल आणि डबी दाबवत नसेल तर दाबण्याचं काम तुम्ही करू शकता. मशीन अधूनमधून धुतलं तर पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका. पुडीत दुधातली साखर, लॅक्टोज, असते. नेहमी दूध पिणाऱ्याला त्याचं काही होत नाही, पण दुधाची खरीखुरी जोराची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगावं.

जिभेवरचं पांढरं बहुतेक बुरशी आहे. स्टिरॉइडची पूड तोंडात रेंगाळली की बुरशीला फावतं. मधुमेह आणि कवळी असेल तर आणखी. दोघींनीही प्रत्येक डोसनंतर चूळ भरून, घशापर्यंत गुळण्या करून पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. सगळ्यात सोपं म्हणजे पंप दात घासण्याच्या आधी ठेवायचा, म्हणजे चूळ आपोआप होते. त्यांना कवळी असेल तर रात्री काढून घासून पाण्यात ठेवा. बुरशीसाठी डॉक्टर तोंडात लावायचं क्लोट्रिमॅझोल देतात, थोड्या दिवसांत जातं. कॅप्सूल त्यासाठी बंद करायची नाही.

पण इथे मिश्री आडवी येते. बुरशीचा पांढरा थर ओल्या कापडाने पुसला तर निघतो, खाली लालसर दिसतं. जो पांढरा डाग पुसून निघत नाही, विशेषतः गालाच्या आत किंवा हिरडीवर मिश्री लावायच्या जागी, तो तंबाखूचा असू शकतो आणि दंतवैद्याला लगेच दाखवायला हवा. आवाज बसण्याचंही तसंच. स्टिरॉइडने स्वरयंत्राला थकवा येतो, गुळण्या आणि स्पेसरने सुधारतो. तीन आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून एकदा दुर्बिणीने तपासून घ्या. मिश्री सुटली तर उत्तमच. चूल बंद झाली असेल पण पाणी अजून बंबावर तापत असेल, तर तोही धूरच आहे.

काचबिंदूच्या थेंबांची बाटली आजच वाचा. त्यावर टिमोलॉल लिहिलेलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा, की सासूबाईंना सीओपीडी आहे. डोळ्यातला थेंब नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो आणि श्वासनलिका आवळतो. एका थेंबाने मोठा झटका आलेली माणसं आहेत. दुसरे थेंब मिळतात, पण आपल्या मनाने बंद करू नका, काचबिंदूने दृष्टी जाते. तुमच्याकडेही लक्ष असू द्या: रक्तदाब, मायग्रेन किंवा धडधड यासाठी कुणी प्रोप्रानोलॉल लिहिली तर दमा आहे हे सांगा. काही दमेकऱ्यांना अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकनेही झटका येतो. बुरशीसाठी इट्राकोनाझोलच्या गोळ्या कुणी दिल्या तरी पंपाचं नाव सांगा. त्या गोळ्यांमुळे बुडेसोनाइड शरीरात साचतं.

स्टिरॉइडची भीती. तुमचा डोस दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम. वर्षभर एकही न चुकवता घेतला तर १४६ मिलिग्रॅम. मोठा झटका आल्यावर दवाखान्यात प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात, ४० मिलिग्रॅम रोज, पाच दिवस: २०० मिलिग्रॅम. दोन औषधांचा जोर सारखा नाही, त्यामुळे हा हिशेब नुसत्या वजनाचा समजा. पण पंपातलं जे गिळलं जातं त्यातलं जवळजवळ ९० टक्के यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं. गोळीचं तसं नाही, ती सगळ्या अंगभर फिरते. पंप नीट घेतला तर गोळ्यांची पाळी कमी येते, म्हणजे स्टिरॉइड टाळायचं असेल तर पंप घ्यावा. सवय लागत नाही. चष्मा काढल्यावर दिसत नाही म्हणून चष्म्याची सवय लागली असं कुणी म्हणत नाही. हाडं, मोतीबिंदू, अंगावर निळे डाग, थोडी वाढलेली साखर हे वर्षानुवर्षं मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत दिसतं. सासूबाई त्या रांगेत आहेत, म्हणून त्यांची तीन महिन्यांची साखर आणि डोळ्यांचा दाब वेळेवर तपासत राहा. तुमची मात्रा कमी आहे. दमा दोन-तीन महिने पूर्ण शांत राहिला की डॉक्टर ती आणखी खाली आणतात. अशी कमी करणं वेगळं आणि एके दिवशी कपाटात टाकून देणं वेगळं. दिवस गेले तरी बुडेसोनाइड चालू ठेवतात. पोटातल्या बाळाला पंपापेक्षा आईची धाप जास्त बाधते.

जत्रेत किंवा कुणाच्या सांगण्यावरून मिळणारी बिननावाची 'दम्याची पुडी' घेत असाल तर बंद करा. अशा पुड्यांत स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्या आहेत. त्यांनी झटपट बरं वाटतं ते त्यामुळेच. बरेच महिने घेतलेली असेल तर मात्र थांबवण्याआधी डॉक्टरांना सांगा, एकदम तोडणं धोक्याचं ठरू शकतं.

कधी थांबायचं नाही, ते दोघींसाठी लक्षात ठेवा. एका दमात वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर, मान-बरगड्यांचे स्नायू श्वासाबरोबर ओढले जातात, किंवा अस्थालिनने मिळालेला आराम तीन-चार तासही टिकत नाही: १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत तुम्हाला बसवून स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचे ४ ते १० पफ, एकेक करून, आणि दर वीस मिनिटांनी पुन्हा, पहिल्या तासापर्यंत. आडवं झोपवू नये. बोटाला लावायच्या यंत्रात तुमचा ऑक्सिजन ९२ च्या खाली असेल तर थांबूच नका. सासूबाईंचं वेगळं: सीओपीडीत ऑक्सिजन ८८ ते ९२ मध्ये ठेवतात. त्याहून जास्त सोडला तर काही रुग्णांत रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढतो आणि माणूस गुंगीत जातो. अॅम्ब्युलन्समध्ये 'सीओपीडी आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा. त्यांना ताप आला, कफ पिवळा-हिरवा झाला किंवा वाढला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दाखवा, तो न्यूमोनिया असू शकतो. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोकॉकसची लस डॉक्टरांना विचारून घ्या.

पुढच्या भेटीला दोन्ही साधनं, खोकी, डोळ्यांच्या थेंबांची बाटली आणि रिकामे अस्थालिन पिशवीत घेऊन जा. आणि दोघींनीही डॉक्टरांसमोर, त्यांनी सांगण्याची वाट न बघता, एकेक डोस घेऊन दाखवा.